बाई, तुझी फाईल यवतमाळात नव्हती

बाई,

तुझ्या तेरवीला अख्खा गाव जेवला. मी पंगतीत बुंदी वाढत होतो. शेजारचे पांडुकाका आपल्या व्याह्याला सांगत होते, माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं, "भाऊ असावा तं गजू मास्तरसारखा. इधवा बहीण सांभाळली, मेल्या बहिणीच्या पोट्ट्या सांभाळल्या. आजच्या जमान्यात कोन करते बाप्पा?" मी त्यांच्या पानात आणखी बुंदी घातली. त्यांनी हात आडवा धरला तरी घातली. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी बोलतो.

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तुला माहीत होतं. मला हे आत्ता, तुझ्या तेरवीनंतर पंधरा दिवसांनी कळलं, की तुला सगळं माहीत होतं.

मी बावन्न वर्षांचा आहे आणि आयुष्यात फार कमी बोललो. तू म्हणायचीस, "गज्या, तुह्या तोंडातून शब्द काढाचा म्हंजे हिरीतला गाळ काढाचा." आज मी तो स्वतःहून काढतो आहे. तेव्हा आधी सर्वांत खालचा.

बालसंगोपनाची तुझी फाईल यवतमाळात कधी अडकली नव्हती. ती यवतमाळला गेलीच नव्हती. चार वर्षं ती माझ्या शाळेच्या लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खाली होती. मीच ठेवली होती.

 

सुनी आणि जावई दारव्ह्याहून येताना ट्रकखाली सापडले, त्याला आता आठ वर्षं झाली. आपली सगळ्यांत धाकटी बहीण. शीतल तेव्हा सात वर्षांची होती, गुड्डी दोनची. जावयांकडचे लोक अंगणात बसून ठरवत होते की मोठी एकाकडे जाईल, लहान दुसऱ्याकडे. तू आतून आलीस, गुड्डीला एकाच्या मांडीवरून उचललंस, शीतलचं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "काही वाटाघाटी करू नका. ह्या दोघी माह्या." तुझं स्वतःचं काय होतं तेव्हा? चोविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून माहेरी. आपल्या घराच्या मागची खोली, एक पत्र्याची पेटी, आणि दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणी. पण त्या अंगणात कुणी तुला एक उलटा प्रश्न विचारला नाही. मीही नाही. मला तर बरं वाटलं. लेकरं आपल्या घरी आली, नाव माझं झालं, आणि काम तुझ्याकडे गेलं.

सहा महिन्यांनी अंगणवाडीच्या ताईंनी तुला सांगितलं, की आईबाप गेलेली लेकरं नातेवाइकाच्या घरी वाढत असली तर सरकार त्या घराला महिन्याचे महिन्याला पैसे देतं, लेकरू अठरा वर्षांचं होईपर्यंत. त्यालाच बालसंगोपन म्हणतात. तू त्याच संध्याकाळी कोरा फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभी राहिलीस.

"गजू, हे भरून दे."

"ठेव तिथं."

"ठेव नाई. भर. साऱ्या गावाचे भरतं. निराधारचे भरतं, घरकुलाचे भरतं. थ्या शंकऱ्याच्या म्हशीचा इमा भरला. आता माह्या भर."

गावात अर्ज लिहायचा म्हटला की लोक माझ्याकडे यायचे, आणि मला ते आवडायचं. अक्षर चांगलं होतं, कोणत्या कागदाला काय जोडायचं हे पाठ होतं. तुझाही अर्ज मी भरला. बोरी अरबच्या बाजारात तू दोघींना घेऊन फोटो काढून आलीस, तो चिकटवला. मृत्यूचे दाखले जोडले. शाळेचा दाखला मीच दिला. खाली तारीख घातली. मग एका कागदावर येऊन थांबलो. रेशनकार्ड.

तुझं नाव बाबांच्या वेळेपासून माझ्या कार्डावर होतं. दोघी मुलींचीही नावं मी त्यातच घातली होती. तिकडे विचारणार, लेकरं कुणाकडे आहेत? कार्ड सांगणार, शिक्षकाकडे, पगारदार माणसाकडे. मग तुझा अर्ज कसा? म्हणजे आधी तुझं आणि मुलींचं कार्ड वेगळं काढायचं. आणि आपल्याकडे कार्ड वेगळं करणं म्हणजे काय, हे तुला-मला सांगायला नको. भाऊ-भाऊ भांडून चूल वेगळी करतात तेव्हा तहसिलात जाऊन कार्ड वेगळं करतात. कार्ड वेगळं झालं की गावात वर्दी जाते, घर फुटलं. विधवा बहिणीचं कार्ड भावानं वेगळं काढलं, मग तर बघायलाच नको.

तुला मी एवढंच सांगितलं. "लोक म्हनतीन मास्तरनं बहिणीले घराबाहेर काढलं."

तू म्हणालीस, "लोकाइले म्हनू दे. मी तं घरातच हाओ."

पण हे अर्धं कारण होतं. आता उरलेलं सांगतो. या योजनेत कचेरीचं माणूस घरी येतं. लेकरं कुठे झोपतात, काय खातात, बघून लिहून नेतं. आणि तू आणि मुली झोपायच्या ती मागची खोली म्हणजे आमची कापसाची खोली. दिवाळीपासून भाव येईपर्यंत तिथं छताला टेकेल एवढा कापूस. ढिगाच्या पायथ्याशी तुमचं अंथरूण. पहिल्या महिन्यात मुलींना मजा वाटायची, ढिगावरून घसरायच्या आणि तू ओरडायचीस, "खाली उतरा वो, मामाचा कापूस हाये, तुमच्या बापाचा नाई!" फेब्रुवारीनंतर मजा संपायची. जुन्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गुड्डीच्या हातापायांवर चट्टे उठायचे, तू रात्र रात्र खोबरेल चोळायचीस. समोर माझं स्लॅबचं घर, बैठकीत सोफा, सोफ्यावर कव्हर. आणि मी शाळेत मुलांना स्वच्छतेचं महत्त्व शिकवायचो.

ते माणूस येऊन हे बघेल आणि कागदावर लिहील. हे मला नको होतं. एवढंच.

म्हणून मी अर्ज कपाटात ठेवला आणि तुला सांगितलं, पाठवला.

खोटं एकदा बोलावं लागतं असं वाटतं माणसाला. मला दर महिन्याला बोलावं लागलं. तू विचारायचीस, मी म्हणायचो, "यवतमाळात अडकली आहे." गावातले सगळे मान हलवायचे, कारण यवतमाळात काहीही अडकू शकतं यावर सगळ्यांचा विश्वास. त्या कचेरीतल्या लोकांची मी आज इथं माफी मागतो. चार वर्षं त्यांनी एकदाही न पाहिलेल्या कागदासाठी आमच्या ओसरीवर त्यांना शिव्या बसत होत्या.

तू मात्र त्यातही मजा करायचीस. "काहून रे गज्या, तुही फाईल बैलगाडीनं गेली काय?" पुढच्या वर्षी, "बैल मेला वाटते." त्याच्या पुढच्या वर्षी रेखा, माझी बायको, भाजी निवडत होती, तिला म्हणालीस, "रेखा, तुह्या नवऱ्याले सांग, दुसरा बैल मी देतो. पन पोहचव म्हना."

रेखा हसली. मी वर्तमानपत्र उघडलं.

आता शीतलच्या डोळ्यांचं. हे मी तुझ्याशी कधी बोललो नाही.

ती माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. तिसरीत फळ्यावरचं चुकीचं उतरवायची. मी तिला ढ समजलो. चौथीत तिचा कान धरून उभं केलं, सगळ्या वर्गापुढे, आपला-परका करत नाही हे दाखवायला. तू घरी मला म्हणालीस, "तिले दिसत नाई रे. सुईत दोरा घालाले देल्ला तं नाकाले लावून पाह्यते. दारव्ह्याले डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा लागते." मी म्हणालो, दाखवू. तू म्हणालीस, "बालसंगोपनाचे आले का जातो मी घेऊन."

फळ्यापासून माझं कपाट दहा पावलांवर होतं.

लोक मला विचारतील, तू का नाही दाखवलंस, तू पगारदार. मी स्वतःला तेव्हा सांगायचो, तिनं मागितले असते तर दिले असते. आणि हे खरंच आहे, दिले असते. पण तुला मागायचंच नव्हतं. माझ्या घरात, माझ्यापुढे, लेकरांच्या चष्म्यासाठी, वहीसाठी, आजारासाठी दर वेळी हात पसरायला लागू नये, म्हणूनच तर तुला ते पैसे हवे होते. हे मी बावन्नाव्या वर्षी समजलो. तू सातवी शिकलेली, तुला पहिल्या दिवशी कळलं होतं.

शीतल सातवीत गेली त्या पावसाळ्यात तू कुणाला न सांगता सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेलीस. दिवेलागणीला परत आलीस. मी ओसरीवर होतो. तू चपला काढल्यास, पायांवर पाणी घेतलंस, आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस,

"तिकडं फाईलच नाई म्हने."

मी म्हणालो, "हरवली असंल."

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. म्हणालीस, "हो. हरवली असंल." मग आत जाऊन अंबाडीची भाजी आणि भाकर घेऊन आलीस आणि माझ्यापुढे ठेवलीस. मी भाकरीचा तुकडा भाजीत फिरवत राहिलो. तू समोर बसून मी जेवतो का बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी तू तहसिलात गेलीस, कार्ड वेगळं करायचा अर्ज द्यायला. तलाठ्यानं मला फोन केला. मी शाळा सोडून आलो आणि आपलं भांडण झालं. जन्मात एकच झालं आणि तेही अर्धं राहिलं.

मी तुझ्यावर ओरडलो. "घरची अब्रू चव्हाट्यावर आनून राह्यली तू! आपल्या घरचे लेकरं आन् सरकारच्या पैशानं पोसाचे? आपन का भिकारी हाओत?"

तू तूर पाखडत होतीस. सूप थांबलं नाही.

"तुले महिन्याचे महिन्याले पगार कोन देते रे गजू?"

"त्याचा काय संबंध?"

"सांग नं. कोन देते?"

"सरकार देते."

"कायचा देते?"

मी घड्याळाकडे बघितलं.

"परक्याचे लेकरं शिकवाचा देते नं? सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. मी दोन लेकरं सांभाळतो, रात्रंदिवस, ताप आला तं बी, खरूज झाली तं बी. तुले देल्ला तं पगार. मले देल्ला तं भीक. काहून?"

रेखा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तुझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तुले समजत नाई," आणि शाळेत परत गेलो.   त्यानंतर अंगणवाडीत, ग्रामसभेत, पाहुण्यांत, जिथं जिथं कुणी म्हणतं की आपली लेकरं सांभाळायचे पैसे घेणं बरं दिसत नाही, तिथं माझ्या डोक्यात तुझं ते सूप हलतं. आता मी गप्प बसत नाही. गेल्या आठवड्यात शंकरची म्हातारी आई तिच्या आईबाप गेलेल्या नातवाचा अर्ज भरायला आली. शंकर म्हणाला, राहू द्या मास्तर, बरं नाही दिसत. मी त्याला तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. तुझं नाव सांगून. अर्ज तिथंच भरला, आणि तिच्या हातात दिला. माझ्याकडे ठेवला नाही.

कार्ड वेगळं झालं. लोक बोलले, आठ दिवस बोलले आणि सोयाबीनचा भाव पडला तसे ते सोयाबीनवर बोलू लागले. मी चार वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

नवा अर्ज तू अंगणवाडीच्या ताईंकडून भरून घेतलास आणि स्वतः यवतमाळला नेऊन दिलास. गृहभेटीच्या दिवशी मी केंद्रावर मीटिंग आहे सांगून घराबाहेर पडलो. मीटिंग नव्हती. मी बोरीच्या स्टँडवर बसून तीन चहा प्यालो. मागे काय झालं ते मला गुड्डीनं नक्कल करून दाखवलं, एका हातात वही आणि नाकावर बोटांचा चष्मा. "मावशी, मुली इथं कापसात झोपतात का?" आणि मग कमरेवर हात ठेवून तू, "नाई वो मॅडम. कालच आनून टाकला. भावाच्या बैठकीत जाते उद्या." मॅडमनी वहीत काय लिहिलं माहीत नाही. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं लावून सगळा कापूस बैठकीत आणून टाकला. सोफा अंगणात.

रेखा म्हणाली, "पाहुणे आले तं कुठी बसवाचं?"

तू म्हणालीस, "कापसावर बसव. अशा गादीवर कोनी बसवलं नसन त्याइले."

त्यानंतर तुमच्या खोलीत कधी कापूस आला नाही.   त्या हिवाळ्यात एकदा मी तापानं पडलो तर तू माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "खोली मोठी लागते रे आता." बस. मी ते वाक्य किती वर्षं जपून वापरलं, सांगता येत नाही.

पहिले पैसे खात्यात आले तेव्हा तू शीतलला दारव्ह्याला घेऊन गेलीस. चष्मा लावून ती एसटीतून उतरली आणि फाट्यावरच्या निंबाकडे बघत उभी राहिली. "मोठी माय, याले पानं पानं हायेत," म्हणाली. तुला मोठी माय म्हणायच्या दोघी, आईची थोरली बहीण म्हणून, आणि तू होतीसही. तू घरी येऊन ते वाक्य प्रत्येकाला सांगितलंस, हसत हसत. तिला इतकी वर्षं झाड म्हणजे एक हिरवा गोळा दिसत होता. तू हसत होतीस आणि मी न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

मग ती तीन वर्षं. ती तुझी चांगली वर्षं होती असं मला वाटतं. शीतलची सायकल, गुड्डीचा मलम, दोघींना दिवाळीचे कपडे, तुझ्या मर्जीचे, तुझ्या रंगाचे, कुणाला न विचारता. त्या रकमेत कुणी राजा होत नाही. पण तू बाजारात भाव करताना तुझा आवाज बदलला होता. मी पाठीमागून ऐकलाय.

आणि या पौषात, एका सकाळी, तू उठली नाहीस.

आता मुद्द्याचं. तू गेलीस तेव्हा मुलींची पालक म्हणून असलेलं तुझं नाव गेलं. शीतल पंधराची, दहावीत. गुड्डी दहाची. यवतमाळला बाल कल्याण समितीपुढे जावं लागलं, यापुढे त्या कुणाकडे राहणार हे ठरवायला. मी, रेखा आणि दोघी गेलो. तेरवीचे पाहुणे गेल्यावर पंधराव्या दिवशी. मी सगळे कागद नीट लावून नेले होते. सगळे. कपाटातला जुना अर्जही पिशवीत होता. का घेतला होता मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तिथल्या मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "मुलींना विचारल्याशिवाय आम्ही काही ठरवत नाही. मामांकडे राहायचं नसेल तर मुलींचं वसतिगृह आहे इथं. चांगलं आहे." मग त्यांनी तुझी फाईल उघडली. खरी फाईल. आणि जुनं काही ताडून बघताना तुझा जबाब मोठ्यानं वाचला. अर्ज करायला चार वर्षं उशीर का झाला, या प्रश्नाला तू दिलेलं उत्तर.

"माझा भाऊ शिक्षक असून त्याने मला योजनेबद्दल वेळोवेळी सांगितले होते. शेतीच्या कामामुळे व कंटाळ्यामुळे माझ्याकडूनच अर्ज राहून गेला. यात भावाचा काही दोष नाही."

खाली तुझी सही. वाकडी, ठसठशीत.

कुणी तुला विचारलं होतं बाई, भावाचा दोष आहे का म्हणून? कुणी विचारलं नव्हतं. तू स्वतःहून घातलंस ते शेवटचं वाक्य. म्हणजे तुला माहीत होतं. त्या दिवशी पायांवर पाणी घेतानाच माहीत होतं. साडेतीन वर्षं माहीत असून तू मला भाकर वाढलीस, पट्ट्या ठेवल्यास, आणि सरकारी कागदावर माझं खोटं स्वतःच्या नावावर लिहून घेतलंस.

हा एक उपकार मी ठेवून घेत नाही. रागावू नको.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचं आहे का, सर?" शीतल माझ्या उजव्या हाताला बसली होती. मला पूर्ण ठाऊक होतं की आता बोललो तर या मुली कदाचित माझ्या घरी येणार नाहीत. आणि मला त्या हव्या होत्या. तुझ्यासाठी म्हणून नाही, अब्रूसाठी नाही. गुड्डी रोज सकाळी माझ्या चपला उलट्या करून ठेवते आणि मी सुलट्या करतो, ते मला हवं होतं.

मी पिशवीतून जुना अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणालो, "हा जबाब खरा नाही. तिनं वेळेत अर्ज दिला होता. मी तो चार वर्षं दाबून ठेवला. तिला सांगत राहिलो की तो इथं अडकलाय."

रेखानं डोळे मिटले. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मॅडमनी अर्ज उचलायच्या आधी शीतलनं उचलला. वरचा फोटो बघितला, तू मध्ये, मांडीवर गुड्डी, बाजूला ती दोन वेण्या घातलेली. मग खाली माझ्या सुरेख अक्षरातली तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"मामा," ती म्हणाली, "तवा मी तिसरीत होती. तवा मले फळा दिसत नव्हता."

"हो."

"तुमी माह्या कान धरला होता."

"हो, बेटा."

बाई, मी रडलो नाही. रडलो असतो तर तिला माझी समजूत काढावी लागली असती, आणि ती लहान आहे. मी फक्त तिच्याकडे बघत राहिलो, जेवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती तेवढा वेळ. तुझ्याकडे कधी असं बघितलं असतं तर.

मॅडम म्हणाल्या, "शीतल, घाई नाही. बाहेर बसून दोघी बोला."

दोघी बाहेर गेल्या. खिडकीतून दिसत होत्या, कडुनिंबाच्या पारावर. गुड्डी खूप बोलत होती, हातवारे करत. शीतल ऐकत होती. वीसेक मिनिटं. रेखा मला म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मीच नेऊन देल्ली असती फाईल." मी म्हणालो, "माहीत आहे. म्हणूनच सांगितलं नाही." ती उठून गेली नाही.

शीतल आत आली आणि बसली नाही. उभ्यानं बोलली, माझ्याशी नाही, मॅडमशी.

"आमी मामाकडं राहू. गुड्डी मामीजवळ झोपते कवाकवा, थे तिले सोडून राह्यत नाई. पन आमचं कार्ड वेगळंच राहीन. आन् फॉर्म मी भरीन. मामा फक्त सही करतीन."

मॅडम हसल्या नाहीत. नवा फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

तिनं तिथंच बसून भरला. तिचं अक्षर माझ्यासारखं नाही, तुझ्यासारखं आहे, मोठं आणि रेघेच्या बाहेर जाणारं. नातं या रकान्यात तिनं ‘मामा’ लिहिलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि बोट ठेवलं. "इथं. आत्ताच."

मी सही केली. फॉर्म नीट घडी घालून पिशवीत ठेवायची माझी सवय, हात तसा गेलाही. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः आवक खिडकीशी गेली, रांगेत उभी राहिली, शिक्का मारून पोच घेतली, त्यावरचा नंबर एकदा वाचला, आणि कंपासपेटीत ठेवून पेटी बंद केली.

परत येताना एसटीत ती पुढच्या सीटवर गुड्डीशेजारी बसली. मी मागे. पोच तिच्याजवळ आहे. मी मागितली नाही.